महोत्सवाच्या वस्त्राचा गोंडा

युद्ध संपले म्हणजे माणसे आधी पडलेली घरे उभारतात, पूल बांधतात, शेते नांगरतात. गाण्याची आणि नाटकाची पाळी सर्वांत शेवटी येते, असा आपला समज असतो. स्कॉटलंडची राजधानी एडिनबरो हिने १९४७ साली हा समज खोटा ठरवला. दुसरे महायुद्ध संपून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. ब्रिटनमध्ये पावापासून कोळशापर्यंत सारे काही मोजूनमापून मिळत होते. अशा टंचाईच्या दिवसांत, २४ ऑगस्ट १९४७ रोजी, त्या नगरीत पहिला आंतरराष्ट्रीय संगीत-नाट्य महोत्सव सुरू झाला. त्याचा सूत्रधार रुडॉल्फ बिंग हा व्हिएन्नात जन्मलेला ज्यू होता. नाझींच्या वरवंट्यातून वाचून तो इंग्लंडमध्ये आला होता. हिटलरमुळे परागंदा व्हावे लागलेला संगीतनियोजक ब्रूनो वॉल्टर आणि त्याचा जुना व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंद यांची पुनर्भेट याच महोत्सवात झाली. एडिनबरोच्या किल्ल्यावर रात्री रोषणाई करता यावी म्हणून नागरिकांनी आपापल्या वाट्याचा कोळसा देऊ केला. द्वेषाने फाटलेली मने कलेच्या धाग्याने शिवावीत, असा त्या साऱ्या खटाटोपामागचा हेतू होता.

या मेजवानीला निवडक पाहुणे बोलावले होते. नामवंत वाद्यवृंद, नामवंत नाटक मंडळ्या, मोठी नाट्यगृहे. परंतु निमंत्रण नसताना आठ मंडळ्या आपणहून तेथे दाखल झाल्या. त्यांपैकी सहा स्कॉटलंडच्या, दोन इंग्लंडच्या. मोठी नाट्यगृहे महोत्सवाने आधीच घेतली होती. म्हणून यांनी मिळेल ती लहानशी जागा भाड्याने घेतली, स्वतःच जाहिरात केली, स्वतःच तिकिटे विकली. महोत्सवाच्या अधिकृत पत्रिकेत त्यांचे नाव नव्हते. आज जगभर 'फ्रिंज' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वतंत्र, लहान नाट्यमहोत्सवांचा वंशवृक्ष या आठ बिनबोलावलेल्या मंडळ्यांपासून सुरू होतो.

सुज्ञ वाचक विचारतील, स्कॉटलंडच्या नाटकांशी आपल्या धर्मग्रामांचा काय संबंध? संबंध आहे. त्या आठ मंडळ्यांनी काय सादर केले हे पाहिले, आणि त्यामागचा चारशे वर्षांचा इतिहास पाहिला, म्हणजे ख्रिस्तसभा आणि रंगभूमी यांच्या प्रेमाची, भांडणाची आणि समेटाची एक मोठी कथा आपल्यासमोर उलगडते.

आठांनी काय आणले?

ग्लासगोच्या 'युनिटी थिएटर' या कामगारांच्या मंडळीने मॅक्सिम गॉर्कीचे 'लोअर डेप्थ्स' केले. तळागाळातील माणसांचे ते चित्र होते. दुसऱ्या एका मंडळीने शेक्सपिअरचे 'मॅकबेथ' केले. परंतु एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. लंडनहून आलेल्या 'पिल्ग्रिम प्लेअर्स' या मंडळीने टी. एस. एलियटच्या ज्या दोन नाटकांचे प्रयोग केले, त्यांतील एक होते 'मर्डर इन द कॅथीड्रल'. कँटरबरीचे महागुरुस्वामी संत थॉमस बेकेट यांनी ११७० साली आपल्याच कॅथीड्रलमध्ये पत्करलेल्या हौतात्म्यावरचे हे नाटक. दुसऱ्या एका मंडळीने स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्ग याचे 'ईस्टर' निवडले. पवित्र गुरुवारपासून ईस्टरच्या पूर्वसंध्येपर्यंत एका दुःखी कुटुंबात काय घडते, हा त्याचा विषय. आणि फोर्थच्या खाडीपलीकडे, डनफर्मलिन येथील प्राचीन मठमंदिरात, 'एव्हरीमॅन' हे पंधराव्या शतकाच्या अखेरीचे नीतिनाट्य उभे राहिले.

'एव्हरीमॅन' म्हणजे कोणीही एक माणूस. तुम्ही, मी, शेजारचा. देव मृत्यूला आज्ञा करतो आणि मृत्यू या माणसाला हिशेबाच्या वहीसह बोलावून नेण्यास येतो. माणूस घाबरतो, सोबतीला कोणी येते का, म्हणून दारोदार फिरतो. मैत्री नकार देते. आप्तस्वकीय नकार देतात. आयुष्यभर जमवलेली संपत्ती तर त्याची थट्टाच करते. फक्त सत्कृत्ये त्याच्यासोबत यायला तयार आहेत. परंतु त्याच्याच हयगयीमुळे ती इतकी अशक्त झाली आहेत की जमिनीवरून उठवत नाही. मग ज्ञान त्याला पापनिवेदनाकडे घेऊन जाते. तो प्रायश्चित्त घेतो, आणि सत्कृत्ये उभी राहतात. पुढे कबरेच्या काठाशी सौंदर्य, सामर्थ्य, विवेकबुद्धी आणि पंचेंद्रिये एकामागोमाग एक निरोप घेतात. आत उतरताना केवळ सत्कृत्ये बरोबर राहतात.

हे नाटक पूर्णतः कॅथॉलिक आहे. संस्कारांचे महत्त्व त्यात आहे, धर्मगुरूच्या पदाची थोरवी आहे. आणि त्याच ठिकाणी, संस्कारांचा व्यापार मांडणाऱ्या धर्मगुरूंना स्पष्ट शब्दांत इशाराही आहे. युद्धात असंख्य माणसांचा अकाली हिशेब झालेला असताना हे नाटक पुन्हा मंचावर आले, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

वेदीपाशी जन्मलेले अपत्य

मध्ययुगीन युरोपातील नाटकाचा जन्म राजवाड्यात झाला नाही. तो वेदीच्या पायरीवर झाला. इंग्लंडमधील विंचेस्टरचे महागुरू संत एथेलवोल्ड यांनी इ. स. ९७०च्या सुमारास मठवासीयांसाठी जी नियमावली तयार केली, तीत ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेचा एक विधी सांगितला आहे. एका मठबंधूने शुभ्र वस्त्र परिधान करून कबरेपाशी शांत बसावे. तिघांनी धूपदान हाती घेऊन, काही शोधत असल्याप्रमाणे हळूहळू त्याच्याकडे यावे. तो त्यांना विचारतो, ती उत्तर देतात. आणि येशू येथे नाही, तो उठला आहे, ही वार्ता मंदिरभर होते. चार पात्रे, थोडे संवाद. नाटकाचे बीज म्हणायचे ते हेच.

ख्रिस्तशरीराचा सण १२६४ साली ख्रिस्तसभेत स्थापन झाला, आणि कालांतराने त्या सणाच्या निमित्ताने ही नाटके मंदिराबाहेर, रस्त्यावर आली. इंग्लंडमधील यॉर्क शहरात निरनिराळ्या कारागिरांच्या संघांनी बायबलमधील एकेक प्रसंग वाटून घेतला होता. जहाज बांधणाऱ्यांनी नोहाचे तारू बांधायचे, पाववाल्यांनी शेवटचे भोजन दाखवायचे, खिळे-टाचण्या करणाऱ्यांनी ख्रिस्ताला क्रुसावर खिळण्याचा प्रसंग करायचा. आपल्या हातांनी केलेल्या खिळ्यांनी प्रभूला खिळताना त्या साध्या माणसांना काय वाटत असेल, याची कल्पना करून पाहावी. हजार प्रवचनांनी जे होत नाही ते अशा एका प्रसंगाने होत असेल.

परंतु मूल मोठे झाले की आईवडिलांना प्रश्न विचारू लागते. नाटकाने तेच केले. सर डेव्हिड लिंडसे हा स्कॉटलंडच्या राजदरबारातील मानकरी आणि कवी. १५४० साली तीन राजांच्या सणाला लिनलिथगो येथे राजा पाचवा जेम्स याच्यासमोर त्याच्या नाटकाचा पहिला अवतार सादर झाला. नाटक संपल्यावर राजाने उपस्थित महागुरूंना आपले आचरण सुधारण्याची ताकीद दिली, अशी त्या वेळच्या पत्रव्यवहारात नोंद आहे. पुढे 'अ सटायर ऑफ द थ्री इस्टेट्स' या नावाने त्याचा विस्तार झाला. १५५२ साली कूपर येथे आणि १५५४ साली एडिनबरोमध्ये, राज्यकारभार पाहणाऱ्या कॅथॉलिक राणीमाता मेरी ऑफ गीझ हिच्या उपस्थितीत, उघड्या मैदानावर त्याचे प्रयोग झाले. धर्मगुरू, सरदार आणि व्यापारी ही समाजाची तीन अंगे. तिघांवरही त्यात कोरडे ओढले आहेत. सर्वांत कडक कोरडा धर्मगुरूंच्या वाट्याला आला आहे.

त्यातील एका दरिद्री माणसाचे गाऱ्हाणे आजही काळजाला घरे पाडते. त्याच्याकडे एक घोडी आणि तीन गाई होत्या. बाप वारला; घोडी जमीनदाराने नेली आणि अंत्यविधीचा हक्क म्हणून एक गाय विकारने, म्हणजे तेथील धर्मगुरूने, नेली. आई वारली, दुसरी गाय गेली. दुःखाने बायको वारली, तिसरीही गेली. अंगावरची बरी वस्त्रे विकारच्या कारकुनाने घेतली. उरलेले एकुलते एक नाणे घेऊन तो न्याय मागायला वकिलाकडे निघाला आहे, तर वाटेत क्षमापत्रे विकणारा भेटतो आणि तेही नाणे काढून घेतो.

मी स्वतः धर्मगुरू आहे. मृतांचे अंत्यविधी करणे हे माझे नित्याचे काम आहे. म्हणून हा प्रसंग मला सोळाव्या शतकात ठेवून मोकळे होता येत नाही. लिंडसे ख्रिस्तसभा सोडून गेलेला नव्हता. घरातल्या माणसाने घरातल्यांना सांगावे तसे तो सांगत होता. १५४९ साली स्कॉटलंडच्या महागुरूंच्या सभेने धर्मगुरूंचे दुराचरण आणि अज्ञान हीच संकटाची मुळे आहेत, असे स्वतःच मान्य केले होते. १५५२ साली, म्हणजे कूपरच्या प्रयोगाच्याच वर्षी, सेंट अँड्र्यूजचे महागुरुस्वामी हॅमिल्टन यांच्या नावाने धर्मशिक्षणाचे पुस्तकही निघाले. रोगाचे निदान झाले होते. उपचाराला उशीर झाला. ऑगस्ट १५६०मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने परमगुरुस्वामींची सत्ता रद्द केली आणि मिस्सावर बंदी घातली. तिसऱ्यांदा मिस्सा करताना वा ऐकताना सापडल्यास देहदंड ठरला. रंगमंचावरून आलेला इशारा ज्यांनी हसून सोडून दिला, त्यांच्या वेद्या सहा वर्षांत उखडल्या गेल्या. नाटकामुळे धर्मसुधारणा झाली असे मी म्हणत नाही. त्यामागे राजकारण होते, जमिनीचा लोभ होता. पण नाटक खरे बोलत होते, एवढे निश्चित.

दुरावा आणि समेट

नव्या प्रेस्बिटेरियन ख्रिस्तसभेने नाटकाला जवळ केले असते तर ती वेगळी कथा झाली असती. तसे घडले नाही. पुढील दोन शतके तेथील धर्मपीठाने रंगभूमीकडे पापाचे आगर म्हणून पाहिले. या वैराचा कळस १७५६ साली झाला, आणि तो एका धर्मसेवकाच्याच हातून. अ‍ॅथेलस्टनफर्ड गावचा धर्मसेवक जॉन होम याने 'डग्लस' नावाची शोकांतिका लिहिली. १४ डिसेंबर १७५६ रोजी एडिनबरोत तिचा पहिला प्रयोग झाला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. धर्ममंडळ खवळले. नाटकगृहांविरुद्ध उपदेशपत्रक निघाले. नाटकाला गेलेल्या धर्मसेवकांवर कारवाया झाल्या. त्यांतील एकाने सांगितले की मी एकदाच गेलो होतो, आणि कोणाला ठेच लागू नये म्हणून कोपऱ्यात लपून बसलो होतो. त्यालाही काही आठवडे निलंबित करण्यात आले. होमचा मित्र अलेक्झांडर कार्लाइल याच्यावर खटला चालला. स्वतः होमने १७५७ साली आपल्या पदाचा राजीनामा दिला.

काळाचा महिमा पाहावा. १७८४ साली सेरा सिडन्स ही थोर अभिनेत्री एडिनबरोत आली तेव्हा त्याच ख्रिस्तसभेची वार्षिक महासभा भरली होती. महत्त्वाचे कामकाज तिचा प्रयोग नसेल त्या दिवशी ठेवावे लागे, कारण एरवी तरुण सभासद नाटकगृहात असत! ही गोष्ट त्याच कार्लाइलने आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे.

पूर्ण समेट मात्र विसाव्या शतकात झाला. १९४६ साली दानातून मिळालेल्या एका नाट्यगृहाची मालकी चर्च ऑफ स्कॉटलंडने स्वीकारली आणि 'गेटवे' या नावाने ते चालवायला घेतले. संत थॉमस बेकेटवरील नाटक १९४७ साली झाले ते याच गेटवेमध्ये. म्हणजे प्रेस्बिटेरियन ख्रिस्तसभेच्या मालकीच्या मंचावर एका कॅथॉलिक संताचे हौतात्म्य! जे धर्मपंडितांना चार शतके जमले नाही, ते आठ बिनबोलावलेल्या मंडळ्यांपैकी एकीने विनासायास साधले.

पुढच्याच वर्षी, १९४८ साली, आणखी एक नवल घडले. लिंडसेच्या त्या जुन्या नाटकाचा नवा प्रयोग महोत्सवात करायचे ठरले. संहितेचा संक्षेप रॉबर्ट केम्प याने केला. दिग्दर्शक होता टायरोन गथ्री. योग्य जागेसाठी गथ्री, केम्प आणि नाटककार जेम्स ब्रायडी शहरभर हिंडले. शेवटी पसंत पडले ते असेंब्ली हॉल: चर्च ऑफ स्कॉटलंडची महासभा जेथे भरते ते सभागृह. प्रेक्षक तीन बाजूंनी बसलेले, मधे पुढे आलेला मंच, पडदा नाही. नटाचा श्वास प्रेक्षकाला ऐकू यावा इतकी जवळीक. पडद्यामागच्या चौकटीत अडकलेल्या त्या काळच्या रंगभूमीला हा मोठा धडा होता. १९५३ साली गथ्रीने कॅनडातील स्ट्रॅटफर्ड येथे जो मंच उभारला त्याचे मूळ या सभागृहात आहे.

त्याच रॉबर्ट केम्पने १९४८ साली एका वृत्तपत्रीय लेखात, अधिकृत महोत्सवाच्या कडेकडेने चाललेल्या खासगी प्रयोगांसाठी 'फ्रिंज' हा शब्द वापरला. फ्रिंज म्हणजे कापडाची झालर, काठावरचे सुटे धागे, गोंडा. नाव चिकटले ते कायमचे.

दार उघडे ठेवण्याचा नियम

हा गोंडा पुढे कसा वाढला ते थोडक्यात सांगतो. १९५४ साली एका मुद्रकाने या सुट्या प्रयोगांची पहिली एकत्रित पत्रिका छापली. १९५८ साली 'फेस्टिव्हल फ्रिंज सोसायटी' स्थापन झाली. तिने स्वतःला एक बंधन घालून घेतले: कोणते नाटक घ्यायचे आणि कोणते नाही हे आपण ठरवायचे नाही. नोंदणी करावी, पत्रिका छापावी, तिकिटे विकावीत. परीक्षकाची खुर्ची मात्र मांडू नये. ज्याला जागा मिळेल आणि जो खर्च सोसेल त्याने यावे. न्याय प्रेक्षक करील. १९६३ साली 'ट्रॅव्हर्स' हे साठ आसनांचे चिमुकले नाट्यगृह निघाले. १९६६ साली ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी रॉयल माईलजवळच्या एका लहान हॉलमध्ये टॉम स्टॉपर्ड या तेव्हा अप्रसिद्ध लेखकाचे 'रोझेनक्रँट्झ अँड गिल्डनस्टर्न आर डेड' केले. एका समीक्षकाने त्याची थोरवी ओळखली आणि पुढच्या वर्षी ते लंडनच्या राष्ट्रीय रंगभूमीवर गेले. १९७३ सालापासून 'स्कॉट्समन' वृत्तपत्र उत्तम नव्या नाटकांना 'फ्रिंज फर्स्ट' पुरस्कार देऊ लागले. मणिपूरच्या रतन थिय्याम यांच्या 'चक्रव्यूह' नाटकाने १९८७ साली तो मिळवला. १९४७ साली आठ मंडळ्या होत्या. २०१९ साली ३२३ जागी ३,८४१ नाटके-कार्यक्रम झाले आणि तीस लाखांहून अधिक तिकिटे विकली गेली. २०२० साली कोरोनाच्या साथीमुळे महोत्सव प्रथमच भरू शकला नाही.

या वाढीला काळी बाजूही आहे. जागेचे आणि राहण्याचे भाडे इतके वाढले आहे की अनेक मंडळ्या कर्ज डोक्यावर घेऊन घरी परततात. कागदोपत्री दार सर्वांना उघडे असले तरी उंबरठा पैशाचा झाला की गरीब बाहेरच राहतो. बिनबोलावलेल्यांच्या महोत्सवाने हे विसरणे म्हणजे आपले मूळ विसरणे होय.

एका प्रेक्षकाची टिपणे

२०१३ सालच्या ऑगस्ट महिन्यात एका स्कॉटिश धर्मगुरुबंधूच्या रजेच्या काळात त्याच्या धर्मग्रामाची सेवा करण्याचा योग मला आला. सायंकाळच्या मोकळ्या वेळी मी एडिनबरोतील सहासात प्रयोग पाहिले. समीक्षकाचा अधिकार मला नाही. साध्या प्रेक्षकाला काय जाणवले तेवढे नोंदवतो.

पहिली जाणवली ती गरिबी, आणि तिच्यातला आनंद. एका चर्चच्या हॉलमध्ये मंचावर चार नट आणि समोर आम्ही अकरा प्रेक्षक होतो. पडदा नव्हता. नेपथ्य म्हणजे एक शिडी आणि दोन चादरी. सकाळी पावसात उभी राहून मला हँडबिल देणारी मुलगीच संध्याकाळी राणी झाली होती. तासाभरात नाटक आटोपले. राणीने शिडी खांद्यावर घेतली आणि सर्वांनी धावत मंच मोकळा केला, कारण पुढची मंडळी दाराशी खोळंबली होती.

दुसऱ्या एका ठिकाणी नाटक खरोखरच कच्चे होते. दोन तरुण विनोद करीत होते आणि हसू कोणालाच येत नव्हते. प्रेक्षक पाच. तरीही एकही वाक्य न गाळता त्यांनी प्रयोग पूर्ण केला आणि भरल्या सभागृहाला करावे तसे वाकून नमन केले. आठवड्याच्या मधल्या वारी सकाळच्या मिस्साला पाचच माणसे असतात, तेव्हा आपण धर्मगुरू प्रार्थना उरकत तर नाही ना, असा प्रश्न त्या नमनाने माझ्या मनात उभा केला.

आणखी एका प्रयोगात ख्रिस्तसभेची टवाळी होती. काही भाग उथळ होता, केवळ टाळ्यांसाठी लिहिलेला. तो ऐकताना वाईट वाटले. पण एका प्रवेशात, आपल्यावर झालेला अत्याचार सांगायला आलेल्या मुलाला मोठी माणसे गप्प बसवतात, असे दृश्य होते. तेथे मला रागावता येईना. लिंडसेचा तो दरिद्री माणूस पुन्हा दाराशी आल्यासारखे वाटले. या वेळी त्याची गाय नव्हे, बालपण गेले होते.

शेवटचा अनुभव असेंब्ली हॉलमधला. त्या वर्षी तेथे 'निर्भया' हे नाटक चालू होते. डिसेंबर २०१२मध्ये दिल्लीत एका तरुणीवर धावत्या बसमध्ये झालेल्या अमानुष अत्याचारानंतर, अभिनेत्री पूर्णा जगन्नाथन हिच्या पुढाकाराने आणि दक्षिण आफ्रिकेच्या येल फार्बर हिच्या लेखन-दिग्दर्शनातून ते उभे राहिले होते. त्यातील भारतीय स्त्रिया दुसऱ्या कोणाची कथा सांगत नव्हत्या. स्वतःवर काय ओढवले ते सांगत होत्या. एकीला हुंड्यापायी जाळण्यात आले होते. तिचा भाजलेला चेहरा ही रंगभूषा नव्हती. नाटक संपल्यावर क्षणभर कोणाचे हात टाळीसाठी उठेनात. परक्या देशात, परक्या पंथाच्या सभागृहात, माझ्याच देशातील बहिणींचे पापनिवेदन मी ऐकत होतो. फरक एवढाच, की पाप त्यांचे नव्हते. निवेदन त्या करीत होत्या आणि प्रायश्चित्त आम्हा ऐकणाऱ्यांवर येत होते.

आपल्या हॉलची किल्ली

असेंब्ली हॉलमध्ये जाण्याचा मार्ग ज्या अंगणातून जातो तेथे जॉन नॉक्सचा पुतळा आहे. १५६० सालच्या त्या उलथापालथीचा हा अग्रणी. ३१ मे १९८२ रोजी परमगुरुस्वामी संत जॉन पॉल दुसरे यांची आणि चर्च ऑफ स्कॉटलंडच्या प्रमुखांची भेट याच पुतळ्यापाशी झाली. वृत्तपत्रांनी ते छायाचित्र ऐतिहासिक म्हणून छापले. त्यात आणखी एक योगायोग होता. नॉक्सखाली उभे असलेले परमगुरुस्वामी तरुणपणी स्वतः नट होते. नाझींनी पोलंड व्यापला असताना, १९४१ साली, क्राकोव्ह शहरात मित्रांसह त्यांनी 'ऱ्हॅप्सोडिक थिएटर' सुरू केले होते. पोलिश भाषेतील नाटकांना बंदी होती. म्हणून प्रयोग होत ते खिडक्या लावून, कोणाच्या तरी घरात, मूठभर प्रेक्षकांसमोर. पकडले जाणे म्हणजे छळछावणी. शब्दावरची निष्ठा त्यांनी वेदीपूर्वी अशा मंचावर शिकून घेतली. पुढे १९९९ साली त्यांनी कलावंतांना खास पत्र लिहिले, त्यामागे हा अनुभव होता.

महाराष्ट्रालाही ही परंपरा परकी नाही. १९६० साली 'रंगायन', १९७१ साली 'आविष्कार' अशा संस्था निघाल्या. दादरच्या छबिलदास शाळेचा साधा हॉल सत्तरच्या दशकात 'आविष्कार'च्या प्रयत्नांनी नव्या मराठी नाटकाचे माहेर झाला. मोठ्या नाट्यगृहांनी ज्यांना विचारले नसते त्या लेखक-दिग्दर्शकांना एका शाळेने आपली जागा दिली, एवढ्यानेच मराठी नाटकाचा इतिहास बदलला.

आपल्या बहुतेक धर्मग्रामांत हॉल आहे. लग्नाच्या स्वागतसमारंभांना तो मिळतो. त्याचे भाडे आपल्याला ठाऊक असते. ख्रिस्तजन्माचे आणि प्रभूच्या दुःखसहनाचे नाटकही आपण हौसेने करतो, आणि ते केलेच पाहिजे. यॉर्कच्या त्या कारागिरांचा वारसा तो आहे. परंतु तरुण मुलांनी दारूवर, जमिनी विकून आलेल्या पैशावर, घरातल्या छळावर किंवा आपल्या ढोंगावर स्वतः एकांकिका लिहिली, तर त्यांना हॉल मिळतो का? एका धर्मग्रामात तसा हॉल नाकारलेला मी पाहिला आहे. कारण काय, तर नाटकातला फादर थोडा विनोदी होता. ती मुले गेली, पुन्हा आली नाहीत. त्यांच्यात एखादा लिंडसे होता का, हे आता कोणालाच कळणार नाही.

कोणी म्हणेल, दार सताड उघडे ठेवले तर घाणही आत येईल. हे खरे आहे. एडिनबरोतही ती येते. धर्मग्रामाचा हॉल म्हणजे काही फ्रिंज नव्हे आणि मेंढपाळाला कळपाची जबाबदारी टाळता येत नाही. पण संत पौलाने थेस्सलनीकाकरांना सांगितले ते आधी पारखावे आणि मग चांगले ते धरून ठेवावे, असे. पारखण्यासाठी आधी ऐकावे लागते. संहिता वाचावी, मुलांशी बोलावे, चूक असेल ती दाखवावी. परंतु नाटक आपल्याला टोचते एवढ्या कारणासाठी किल्ली खिशात ठेवू नये. जे टोचते ते नेहमी खोटे असतेच असे नाही. स्कॉटलंडच्या महागुरूंना हे उमगेपर्यंत फार उशीर झाला होता.

लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षे आजारी असलेली एक स्त्री आहे. गर्दीतून येऊन ती प्रभूच्या वस्त्राच्या गोंड्याला शिवते, आणि प्रभू थांबतो, तिची विचारपूस करतो. तिला कोणी बोलावले नव्हते. समोरून येण्याची तिची छाती नव्हती. तिचा हात पोहोचला तो काठापर्यंतच, आणि प्रभूचे सामर्थ्य तेवढ्यावरून तिच्यापर्यंत गेले. ख्रिस्ताने पांघरलेल्या वस्त्राचा काठ कोठे संपतो हे आपण ठरवू नये. आपल्या धर्मग्रामाच्या काठावर जे तरुण आज घुटमळत आहेत, त्यांच्या हातात कदाचित वहीची चार पाने असतील आणि त्यावर एक नाटक लिहिलेले असेल. त्यांनी किल्ली मागितली तर ती द्यावी, आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसून ते शेवटपर्यंत पाहावे.